मर्यादेतला डाव: लिमिट पोकरची पुस्तके आणि त्यांचा क्रम

टेबलावर चार पाने उघडी: राजा, नव्वी, तिर्री, चव्वी. माझ्या हातात दश्शी आणि नव्वी, म्हणजे जोडी नव्वीची. समोरच्या गृहस्थांनी पहिल्या फेरीपासून जोर लावला होता. त्यांच्याकडे राजाची जोडी असणार, याबद्दल मला शंका नव्हती. त्यांनी दोन राजमे पुढे सरकवले. लखनौच्या गोमतीनगरातल्या आमच्या बैठकीत पैसे लावत नाहीत, राजम्याचे दाणे हेच तिथले चलन. त्यांचे दोन धरून मधल्या ढिगात सोळा दाणे झाले होते. आपली पाने मागे आहेत, असा विचार करून मी फोल्ड केले, म्हणजे पाने टाकून दिली. बरीच वर्षे नो-लिमिट खेळून हाडीमांसी खिळलेली ती सवय होती. रात्री घरी येऊन कागदावर हिशेब मांडला तेव्हा कळले, की समोरच्याची पाने मी बरोबर ओळखली होती आणि तरीही निर्णय चुकला होता.

हिशेब असा. मला न दिसलेली पाने ४६. त्यांतली पाच मला पुढे नेणारी: उरलेल्या दोन नव्व्या आणि तीन दश्श्या. ४६ वेळा हीच स्थिती आली, तर ४१ वेळा माझे दोन-दोन राजमे जातील, एकूण ८२. पाच वेळा सोळा-सोळा मिळतील, म्हणजे ८०. शिवाय पान लागल्यावर शेवटच्या फेरीत समोरचा आणखी दोन देईलच. ते पाच वेळचे १० मिळवले की ९०. म्हणजे ४६ डावांत निव्वळ ८ राजम्यांचा फायदा. हाच प्रसंग नो-लिमिटमध्ये आला असता, तर समोरच्याने ढिगाएवढे, म्हणजे १४ राजमे लावले असते. मग ४१ वेळा १४ प्रमाणे ५७४ गेले असते आणि पाच वेळा २८ प्रमाणे १४० आले असते. तिथे फोल्ड करण्यावाचून गत्यंतर नाही. पाने तीच, माणसे तीच, मात्र एका नियमाने उत्तर उलटे होते.

तो नियम म्हणजे लावण्याच्या रकमेवरची मर्यादा. नो-लिमिटमध्ये समोर असेल तेवढे सगळे एका दमात लावता येते. लिमिटमध्ये पहिल्या दोन फेऱ्यांत एकाच ठरलेल्या मापाने लावायचे आणि वाढवायचे, पुढच्या दोन फेऱ्यांत त्याच्या दुप्पट मापाने. प्रत्येक फेरीत सहसा एक बेट आणि तीन रेझ, त्यापुढे नाही. आपल्याकडच्या तीन पत्तीत वाढलेल्या कुणालाही ही कल्पना परकी नाही. तिथेही चाल मनाला येईल तेवढी करता येत नाही, चालू मापाइतकी किंवा त्याच्या दुप्पट, एवढीच मुभा असते. दिवाळीत लखनौच्या घरांतून बसणाऱ्या फडांत लहान मुलेसुद्धा हे माप पाळतात. तरीही टीव्हीवर आणि मोबाइलवर पोकर शिकलेली आमची पिढी थेट नो-लिमिटमध्ये उतरली. आता तीच माणसे लिमिटकडे वळतात तेव्हा पहिला प्रश्न विचारतात, 'कोणते पुस्तक वाचू?' या प्रश्नाचा गंभीरपणे विचार व्हायला हवा असे मला वाटते. एका पुस्तकाचे नाव सांगून तो सुटत नाही. लिमिटवरची पुस्तके चांगली आहेत, काही तर फार चांगली आहेत. पण ती ज्या क्रमाने लिहिली गेली त्याच क्रमाने नो-लिमिटच्या खेळाडूने वाचली, तर त्याचा घात होतो.

या शहरात क्रमाची गोष्ट काढली की मला कैसरबाग आठवते. तिथल्या परीखान्यात आज जे संगीत विद्यापीठ आहे, ते १९२६ मध्ये मॅरिस कॉलेज म्हणून सुरू झाले आणि त्याच्यामागे विष्णु नारायण भातखंडे होते. वाळकेश्वरात जन्मलेल्या, पेशाने वकील असलेल्या या माणसाने घराण्याघराण्यांतून तोंडी चालत आलेल्या बंदिशी स्वरलिपीत उतरवल्या आणि त्यांच्या पुस्तकांना नाव दिले 'क्रमिक पुस्तकमालिका'. त्यातला 'क्रमिक' हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. पुस्तकातून गाणे येते का, हा वाद तेव्हाही झाला आणि आजही होतो. पण आधी काय आणि मग काय हे ठरवल्याशिवाय पुस्तक शिकवू शकत नाही, हे भातखंड्यांनी ओळखले होते. पोकरच्या लेखकांनी उत्तम पुस्तके दिली, मालिका मात्र दिली नाही. ती वाचकालाच लावून घ्यावी लागते.

आधी या पुस्तकांच्या फळीवर काय काय आहे ते पाहू. आरंभ डेव्हिड स्क्लान्स्कीच्या १९७६ च्या 'होल्डेम पोकर' या छोट्या पुस्तकापासून करायला हवा. सुरुवातीच्या दोन पानांची बलाबलानुसार गटवारी त्याने त्यात मांडली आणि पुढची कित्येक वर्षे खेळाडू त्याच गटांच्या भाषेत बोलत राहिले. पुढे डॉयल ब्रन्सनचा 'सुपर सिस्टिम' हा जाडजूड ग्रंथ आला. ब्रन्सनने स्वतः नो-लिमिटवर लिहिले आणि लिमिट होल्डेमचे प्रकरण बॉबी बाल्डविनकडे सोपवले. एकाच ग्रंथात दोन्ही खेळ दोन वेगळ्या हातांनी लिहिलेले असल्यामुळे त्यांच्या स्वभावांतला फरक तिथे शेजारीशेजारी दिसतो. ब्रन्सन समोरच्याला सतत मोठ्या संकटात टाकतो, बाल्डविन एकेक बेट मोजतो. ऐतिहासिक दस्तऐवज म्हणून हे दोन्ही वाचावेत. आजच्या टेबलावर त्यांतला तपशील जसाच्या तसा वापरू नये, कारण तेव्हाची ब्लाइंड आणि अँटीची, म्हणजे आधीच सक्तीने लावायच्या रकमांची, रचना वेगळी होती आणि कोणती पाने खेळायची हे त्या रचनेवर अवलंबून असते.

स्क्लान्स्कीचे खरे मोठे काम म्हणजे १९८७ चे 'द थिअरी ऑफ पोकर'. यात होल्डेम हा अनेक खेळांपैकी एक आहे. स्टड, ड्रॉ, रॅझ अशा खेळांची उदाहरणे पानोपानी येतात आणि होल्डेमपुरता आलेला वाचक कंटाळतो. त्याने कंटाळू नये. 'सेमी-ब्लफ' ही संकल्पना स्क्लान्स्कीने नाव देऊन पक्की केली. आज मागे असलेल्या पण पुढे सुधारू शकणाऱ्या पानांनी जोर लावायचा, म्हणजे समोरचा पळाला तरी फायदा आणि थांबला तरी आशा शिल्लक. फुकटचे पान कधी द्यायचे आणि कधी घ्यायचे, यावरचे त्याचे विवेचन तर लिमिटचा कणा आहे. नो-लिमिटमध्ये फुकटचे पान नाकारायला एक जबर बेट पुरते. लिमिटमध्ये एका मापाची बेट समोरच्याला रोखू शकत नाही. म्हणून तिथे चेक-रेझ (आधी गप्प राहून मग समोरच्याची बेट वाढवणे) आणि जागा, म्हणजे आधी कोण बोलणार आणि नंतर कोण, या गोष्टी वापरून त्याच्यासमोर एकदम दोन बेटांची भिंत उभी करावी लागते. हा विचार स्क्लान्स्कीइतका मुळातून कुणी मांडल्याचे माझ्या वाचनात नाही.

स्क्लान्स्की आणि मेसन माल्मथ यांचे 'होल्डेम पोकर फॉर अ‍ॅडव्हान्स्ड प्लेयर्स' १९८८ मध्ये आले. १९९९ च्या वाढवलेल्या आवृत्तीत बेफाम टेबलांवर कसे खेळावे आणि कमी माणसांत कसे खेळावे यावरची प्रकरणे जोडली गेली. लिमिट होल्डेमचा हा सर्वांत दाट मजकूर. एकेका वाक्यात एकेका आठवड्याचा अभ्यास आहे. त्याची अडचणही तीच आहे. समोरचा खेळाडू आपल्या चालीचा अर्थ लावतो आहे, असे हे पुस्तक गृहीत धरते. अर्थ न लावणाऱ्या माणसांसमोर ते वापरले, तर सुंदर चाली वाया जातात. मी हे पुस्तक सर्वांत आधी उघडले आणि महिनाभर अशा माणसांवर डावपेच टाकत बसलो, ज्यांना ते दिसतच नव्हते.

या उणिवेवर ली जोन्सने उपाय केला. त्याचे 'विनिंग लो-लिमिट होल्डेम' १९९४ चे. छोट्या मापाच्या टेबलावर पाच-सहा जण फ्लॉप, म्हणजे पहिली तीन उघडी पाने, बघायला थांबतात, तिथे साधे, सरळ, सावध खेळा, हा त्याचा उपदेश. भाषा स्वच्छ, शिकवण्याची हौस प्रामाणिक. नवख्याला ते बुडण्यापासून वाचवते. पण नो-लिमिटहून येणाऱ्याला ते धोक्याचे आहे, कारण फोल्ड करायची सवय त्याच्या अंगात आधीच गरजेपेक्षा जास्त असते. जोन्सचे सावधपण त्या सवयीला खतपाणी घालते.

त्यापुढची पायरी एड मिलरची. स्क्लान्स्की आणि माल्मथ यांच्यासह त्याने लिहिलेले 'स्मॉल स्टेक्स होल्डेम' २००४ मध्ये आले. माझ्या मते शिकवणारे पुस्तक म्हणून या साऱ्या फळीवर तेच पहिले. ढीग मोठा झाला की एका बेटसाठी तो सोडून देणे हा लिमिटमधला सर्वांत महाग अपराध, हे त्यात ठामपणे आणि आकड्यांनिशी सांगितले आहे. माझ्या दश्शी-नव्वीचा हिशेब मी याच पुस्तकाच्या शिकवणीने मांडला. तारक पानांना, म्हणजे आपल्याला पुढे नेणाऱ्या पानांना, कात्री लावायलाही त्यानेच शिकवले. समोरच्याकडे राजाबरोबर दश्शी असेल, तर उरलेल्या दश्श्या मला तारणार नाहीत, बुडवतील. म्हणून तारक पाने पाच न धरता साडेचार धरायची, कधी चारच. चार धरली की आमच्या आठ राजम्यांचा फायदा पुसला जाऊन तोटा होतो. इतक्या बारीक फरकावर हा खेळ उभा आहे.

मिलरने आणखी एक गोष्ट स्वच्छ करून सांगितली. फ्लॉपला एका रंगाची चार पाने जमली, तर शेवटपर्यंत पाचवे लागण्याची शक्यता साधारण ३५ टक्के असते. माझ्यासह चार जण डावात असतील, तर आत जाणाऱ्या प्रत्येक बेटमध्ये माझा वाटा २५ टक्के आणि हक्क ३५ टक्के. म्हणून पाने जुळलेली नसतानाही वाढवायचे, समोरच्यांना पळवायला नव्हे, त्यांना थांबवून ठेवायला. नो-लिमिटच्या खेळाडूला हे पहिल्यांदा वाचताना चुकीचे वाटते, कारण त्याने रेझकडे कायम धाक म्हणून पाहिलेले असते. या पुस्तकाची मर्यादा मात्र उघड आहे. ते माणसांनी भरलेल्या, सैल टेबलांसाठी लिहिले आहे. दोघे-तिघेच उरले की त्याचे बरेच सल्ले लंगडे पडतात.

ती जागा २००७ च्या दोन पुस्तकांनी भरली. निक ग्रुडझीन आणि जेफ हर्झॉग यांचे 'विनिंग इन टफ होल्डेम गेम्स' हे ऑनलाइनच्या कडक, कमी माणसांच्या टेबलांतून आलेले. ब्लाइंड चोरायचे कसे आणि राखायचे कसे, समोरच्याकडे एकच जोडी न कल्पता पानांचा अख्खा पल्ला कसा धरायचा, हे त्यात खऱ्या डावांवरून दाखवले आहे. गद्य कोरडे, पण काम चोख. बॅरी टॅननबॉमचे 'अ‍ॅडव्हान्स्ड लिमिट होल्डेम स्ट्रॅटेजी' याच्या उलट्या टोकाला उभे आहे. प्रत्यक्ष टेबलावर वर्षानुवर्षे बसलेल्या माणसाचा आवाज त्यात ऐकू येतो आणि समोरची माणसे वाचण्यावर त्याचा भर आहे. त्यात आकडे कमी आहेत, सल्ले जास्त. पण समोरासमोर बसून खेळणाऱ्यांना ते जास्त उपयोगी पडते.

आणि इथे फळी जवळजवळ संपते. लिमिटची पुस्तके का थांबली? २००३ मध्ये ख्रिस मनीमेकर नावाच्या हौशी खेळाडूने पोकरच्या जागतिक मालिकेची मुख्य स्पर्धा जिंकून २५ लाख डॉलर मिळवले. ती स्पर्धा नो-लिमिटची होती आणि खेळाडूंची झाकलेली पाने प्रेक्षकांना दाखवणाऱ्या कॅमेऱ्यामुळे तिचे नाट्य घराघरांत पोहोचले. सगळे पणाला लावण्याचा क्षण कॅमेऱ्यात पकडता येतो. ४६ डावांत आठ दाणे मिळवणारा निर्णय कॅमेऱ्याला दिसत नाही. खेळाडू तिकडे गेले, मागोमाग लेखक गेले, प्रकाशकही गेले. आज सॉल्व्हर नावाच्या गणकप्रणालींच्या आधारे लिहिलेले गंभीर साहित्य बहुतेक सगळे नो-लिमिटचे आहे.

लिमिटचा अभ्यास मात्र थांबला नाही. तो पुस्तकांतून उठून प्रयोगशाळेत गेला. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या 'पोलारिस' या प्रणालीने २००७ मध्ये फिल लाक आणि अली एस्लामी या खेळाडूंशी दोघांतले लिमिट होल्डेम खेळून थोडक्यात हार पत्करली, तर २००८ मध्ये लास व्हेगासला माणसांवर मात केली. २०१५ च्या जानेवारीत मायकेल बोलिंग आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 'सायन्स' या नियतकालिकात जाहीर केले, की दोघांतले लिमिट होल्डेम व्यवहारतः सुटले आहे. त्यांची 'सेफियस' प्रणाली इतकी अचूक खेळते, की जन्मभर तिच्याविरुद्ध बसूनही तिची चूक पकडता येणार नाही. मर्यादेमुळेच हे शक्य झाले. रक्कम ठरलेली असल्याने फांद्या मोजता येतात. नो-लिमिटच्या फांद्यांचा आकडा कल्पनेपलीकडे जातो.

या निकालाने जुन्या पुस्तकांचे काय झाले, हा समीक्षेचा खरा प्रश्न आहे. पहिल्या चालीला नुसते कॉल करून, म्हणजे चालू मापाएवढेच लावून, आत शिरू नये, एक तर वाढवावे किंवा सोडावे, असे जाणते खेळाडू सांगत आले होते. दोघांच्या खेळात वाटणाऱ्याच्या जागेवरून सेफियस जवळजवळ तसेच करते. म्हणजे मोठ्या तत्त्वांत माणसांनी अंदाजाने गाठलेली जागा यंत्राने मोजून पक्की केली. पण सेफियसचे उत्तर दोघांपुरतेच आहे. सहा किंवा नऊ माणसांच्या टेबलावर, त्यातल्या तिघांना खेळ नीट येत नसताना, काय करावे याचे उत्तर ते देत नाही. तिथे मिलर अजूनही लागतो, टॅननबॉम अजूनही लागतो. तेव्हा लिमिट संपले, यंत्राने ते निकालात काढले, आता वाचण्यासारखे काही उरले नाही, हे बोलणे मला मान्य नाही. एका कोपऱ्याचे मोजमाप पूर्ण झाले, एवढाच त्याचा अर्थ.

आता क्रम. नो-लिमिटहून येणाऱ्याने सुरुवात मिलरच्या 'स्मॉल स्टेक्स होल्डेम'ने करावी आणि तेही शेवटचे प्रश्नोत्तरांचे भाग हातात पेन्सिल घेऊन सोडवत. त्याला पहिली गरज आहे ती फोल्ड करणारा हात आवरण्याची. दुसरे 'द थिअरी ऑफ पोकर'. मिलरने दिलेल्या उत्तरांमागची कारणे तिथे सापडतात आणि इतर खेळांची उदाहरणे तेव्हा जड वाटत नाहीत. तिसऱ्या पायरीवर वाट फुटते. समोरासमोर खेळणाऱ्याने टॅननबॉम घ्यावा, कमी माणसांत खेळणाऱ्याने ग्रुडझीन-हर्झॉग. स्क्लान्स्की-माल्मथ यांचा दाट ग्रंथ चौथा, कारण त्यातले वाक्य न् वाक्य कोणत्या टेबलाला लागू आणि कोणत्या टेबलाला नाही, हे तोवर ओळखता येते. जोन्स ज्याने पोकर कधी खेळलेलेच नाही अशा मित्राला द्यावा. बाल्डविन सगळ्यात शेवटी, इतिहास म्हणून. प्रकाशनाच्या सालांनी गेलात तर हा क्रम पार विस्कटतो.

सत्यजित राय यांच्या १९७७ च्या 'शतरंज के खिलाडी'त, याच शहरात घडणाऱ्या गोष्टीत, मिर्झा आणि मीर यांना बुद्धिबळाचे विलायती नियम सांगणारा एक प्रसंग आहे. वजिराच्या जागी राणी येते आणि प्यादे पहिल्या चालीला दोन घरे जाते. पट तोच, सोंगट्या त्याच, पण वेग बदलतो. आपण लिमिटकडे येतो तेव्हा उलटा प्रवास करतो, वेगवान खेळातून संथ खेळाकडे. संथ खेळ सोपा असतो, हा गैरसमज पहिल्या महिन्यातच गळून पडतो. नो-लिमिटमध्ये एका रात्रीत एक मोठा निर्णय चुकतो आणि तो आठवणीत राहतो. लिमिटमध्ये एका रात्रीत तीस छोटे निर्णय चुकतात आणि एकही आठवत नाही. पुस्तकांची गरज म्हणूनच इथे जास्त आहे.

खेळायचे कुठे, हेही सांगायला हवे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये झालेल्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना देशभर मनाई झाली, मग ते कौशल्याचे असोत की नशिबाचे. त्याआधी १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रमीत कौशल्य मुख्य असल्याचे म्हटले होते आणि २०२४ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयासमोर पोकरचाही तसाच प्रश्न आला. त्या वादात मला इथे शिरायचे नाही. पैशाच्या आशेने या खेळाकडे येणाऱ्यांसाठी हा लेख लिहिलेला नाही. त्या वाटेवर घरे उद्ध्वस्त झालेली आहेत. लिमिट शिकायला पैसे लागत नाहीत, माप लागते. एक राजमा म्हणजे छोटी बेट, दोन म्हणजे मोठी, छोट्या ब्लाइंडच्या अर्ध्या राजम्यासाठी एक काबुली चणा. दाणे मोजून घ्यायचे, वहीत उतरवायचे, पुढच्या शनिवारी तिथून सुरू करायचे. हिशेब खरा राहिला की खेळ खरा राहतो.

मी तशी वही ठेवली आहे. डावीकडच्या पानावर आठवतील तेवढे डाव, उजवीकडे घरी बसून मांडलेली गणिते. गेल्या महिन्यात पुन्हा एकदा पटावर राजा आणि हातात मधली जोडी आली. ढिगात अठरा दाणे होते, लागणार होते दोन. समोरच्याची पाने मला याही वेळी स्पष्ट दिसत होती. मी दोन राजमे पुढे केले. हवे ते पान आले नाही, दाणे गेले. घरी येऊन उजव्या पानावर हिशेब लिहिला आणि त्याखाली 'बरोबर' असे लिहून वही मिटली.